मदत हवी आहे : दीड वर्षात दुसरी एंडोस्कोपी, खरंच गरज आहे का?

नमस्कार मंडळी. बायकोचं वय ३८. दीड वर्षापूर्वी जळजळीसाठी एंडोस्कोपी केली. रिपोर्टमध्ये एकच ओळ, 'सौम्य गॅस्ट्रायटिस', म्हणजे जठराच्या आतल्या अस्तराला थोडी सूज. आता तोच त्रास परत सुरू झालाय, आणि नव्या डॉक्टरांनी जुनी फाईल न उघडताच पुन्हा एंडोस्कोपी लिहून दिली. वर 'कोलोनोस्कोपीही उरकून टाकू' म्हणाले. म्हणजे मोठ्या आतड्याचीही तपासणी, तीही शौचाची काही तक्रार नसताना!

अमेरिका-कॅनडाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना वाचल्या. साठीच्या आत साधं अपचन असेल तर आधी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जंतूसाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी, जंतू सापडला तर त्याचे उपचार, नाहीतर आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या. वजन घटणं, घास अडकणं, काळी शौच, रक्त कमी होणं असं असेल तर डॉक्टर वेगळा विचार करू शकतात. हिला यातलं काहीच नाही, हिमोग्लोबिनही ठीक.

अडचण अशी की पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी रोज चालू आहे आणि श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीआधी ती दोन आठवडे बंद ठेवावी लागते. परवा एक दिवस चुकली तर रात्रभर उशाला टेकून बसली होती. कुणी हे दिवस काढलेत का, कसे? आणि 'आधी ही तपासणी करू या का' हे डॉक्टर न दुखावता कसं विचारलंत? खर्चाचं बोललं की चेहरा बदलतो हो त्यांचा.