एमएसटीपी: नवे व्हीलॅन इन्स्टन्सला जोडताना रीजन तुटू नये यासाठी काय करावे?

पॅचपॅनेल (प्रश्न)

आमच्या कारखान्यात दोन कोअर (मध्यवर्ती) आणि नऊ ॲक्सेस (उपकरणे जोडायचे) स्विच आहेत. त्यांवर एमएसटीपी, म्हणजे लूप टाळण्यासाठी जादा मार्ग ब्लॉक करणारा स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल चालतो; त्यात व्हीलॅनचे (आभासी नेटवर्कचे) गट म्हणजे इन्स्टन्स आणि एकसारखी मांडणी असलेल्या स्विचचा गट म्हणजे रीजन. प्रत्येक ॲक्सेस स्विचची एक अपलिंक कोअर 1 ला आणि दुसरी कोअर 2 ला जाते. व्हीलॅन 10 ते 19 इन्स्टन्स 1 मध्ये आणि 20 ते 29 इन्स्टन्स 2 मध्ये आहेत. पहिल्याचा रूट (मार्गरचनेचा मूळ स्विच) कोअर 1 वर आणि दुसऱ्याचा कोअर 2 वर असल्यामुळे दोन्ही अपलिंक वापरात राहतात. आता कॅमेऱ्यांसाठीचे व्हीलॅन 35 इन्स्टन्स 2 मध्ये घालायचे आहे. एका ॲक्सेस स्विचवर ही नोंद करून पाहिली, तेव्हा त्याचे अपलिंक पोर्ट ‘बाउंड्री’ (रीजनच्या सीमेवरचे) दिसू लागले आणि सर्व वाहतूक कोअर 1 कडील एकाच अपलिंकवरून जाऊ लागली. एका व्हीलॅनसाठी अकराही स्विचवर बदल करावा लागतो का?

रात्रपाळी

होय, करावा लागतो. रीजनचे नाव, रिव्हिजन क्रमांक आणि कोणते व्हीलॅन कोणत्या इन्स्टन्समध्ये याचा तक्ता, या तिन्ही गोष्टी तंतोतंत जुळल्या तरच दोन स्विच एका रीजनमधले मानले जातात. बीपीडीयूमध्ये, म्हणजे स्विच एकमेकांना पाठवतात त्या स्पॅनिंग ट्रीच्या संदेशात, 4096 नोंदींचा अख्खा तक्ता जात नाही, त्यावरून काढलेला 16 बाइटचा डायजेस्ट (सारांश-ठसा) जातो. त्यामुळे एका व्हीलॅनची जागा बदलली तरी डायजेस्ट बदलतो आणि तो स्विच स्वतःपुरता वेगळा रीजन होतो. बाउंड्री पोर्टवर सर्व इन्स्टन्स मुकाट्याने इन्स्टन्स 0 ची (इतरत्र न नेमलेली व्हीलॅन ज्यात असतात त्या मूळ इन्स्टन्सची) स्थिती स्वीकारतात, म्हणूनच आपली भारविभागणी गेली, पण लूप झाला नाही आणि जोडणीही टिकली.

खरा उपाय असा, की तक्ता एकदाच आणि भविष्याचा विचार करून भरावा. न बनवलेले व्हीलॅनही त्यात आधीच नेमून ठेवता येते. उदाहरणार्थ 2 ते 19 आणि 100 ते 1999 इन्स्टन्स 1 ला, 20 ते 99 आणि 2000 ते 4094 इन्स्टन्स 2 ला द्यावेत आणि 1 हे 0 मध्येच राहू द्यावे. पुढे व्हीलॅनचा क्रमांक निवडतानाच त्याचा इन्स्टन्स ठरतो आणि तक्त्याला हात लावावा लागत नाही. हा एक बदल मात्र उत्पादन बंद असताना करावा. आधी ॲक्सेस आणि शेवटी दोन्ही कोअर, असा क्रम मी ठेवतो. नोंद लागू होताच स्पॅनिंग ट्रीचे गणित नव्याने मांडले जाते, त्यामुळे क्षणिक खंड गृहीत धरावा.

ट्रंकवाला

वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त दोन गोष्टी जोडतो. रिव्हिजन क्रमांक वाढवला की बाकीचे स्विच नवा तक्ता आपोआप घेतील, अशी समजूत व्हीटीपीच्या (व्हीलॅनची यादी स्विचमध्ये आपोआप पसरवणाऱ्या सिस्कोच्या प्रोटोकॉलच्या) सवयीमुळे होते; एमएसटीपीमध्ये मोठा क्रमांक जिंकत नाही, तो केवळ जुळावा लागतो. रीजनच्या नावात लहान-मोठ्या लिपीचा फरकही चालत नाही.

दुसरी गोष्ट अधिक त्रासदायक आहे. ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या जोडणीवर) परवानगी असलेल्या व्हीलॅनची यादी एमएसटीपी पाहत नाही. व्हीलॅन 35 केवळ कोअर 1 कडील ट्रंकवर चालू केले आणि इन्स्टन्स 2 ने नेमकी तीच अपलिंक ब्लॉक केली असेल, तर स्पॅनिंग ट्री निर्दोष दिसेल आणि कॅमेरे मात्र बंद राहतील. एका इन्स्टन्सचे सर्व व्हीलॅन दोन्ही अपलिंकवर चालू ठेवावेत.

पॅचपॅनेल

दोघांचेही आभार. गोदामात पीव्हीएसटी प्लसवर (प्रत्येक व्हीलॅनसाठी वेगळा स्पॅनिंग ट्री चालवणाऱ्या सिस्कोच्या पद्धतीवर) चालणारा एक जुना सिस्को स्विच कोअर 1 ला जोडायचा आहे. त्यावर व्हीलॅन 30 ची प्रायॉरिटी (रूट निवडण्याचा आकडा, लहान तो सरस) 4096 आहे आणि आमच्या इन्स्टन्स 0 च्या रूटची 8192. अडचण येईल का?

रात्रपाळी

नक्की येईल. बाउंड्रीवर आपला कोअर इन्स्टन्स 0 ची माहिती प्रत्येक व्हीलॅनच्या बीपीडीयूत घालून पाठवतो. जुना स्विच व्हीलॅन 30 साठी 4126, म्हणजे 4096 अधिक व्हीलॅन क्रमांक, असा सरस बीपीडीयू परत पाठवेल आणि कोअर तो पोर्ट विसंगत ठरवून रोखून धरेल. सर्व व्हीलॅनचा रूट एमएसटी रीजनच्या आतच असला पाहिजे. त्यामुळे जोडण्यापूर्वी जुन्या स्विचवर व्हीलॅन 30 ची प्रायॉरिटी पुन्हा 32768 करा आणि इतर व्हीलॅनच्या प्रायॉरिटीही तपासून घ्या.