‘विद्रावक’ म्हणजे औषध का? पाटीवरच्या काही शब्दांबद्दल

पाटीकार
रंगकामाच्या शॉपमध्ये लावायच्या सूचनाफलकाचा मजकूर मराठीत करतोय. थिनर, डीग्रीझर, पेंट रिमूव्हर यांच्यामुळे कामावर कुणाला त्रास झाला, तर पहिल्या काही मिनिटांत काय करायचं, एवढाच विषय. पहिलं वाक्य असं झालंय : ‘विद्रावकाच्या बाष्पामुळे विषबाधा झाल्यास बाधितास तात्काळ सुरक्षित स्थळी हलवावे.’ एका कामगाराला वाचायला दिलं. तो म्हणाला, ‘विद्रावक म्हणजे औषध का?’ सॉल्व्हंटला विद्रावक म्हणावं की द्रावक? विषबाधा हा शब्द इथे चालतो का? आणि व्हेपरला काय म्हणायचं, वाफ, बाष्प की धूर?

खडूफळा
शाळेतली त्रयी आठवा : मीठ हे द्राव्य, पाणी हे द्रावक, मिठाचं पाणी हे द्रावण. मुळात ‘द्रु’ धातू, म्हणजे धावणं, वाहणं. दुसऱ्याला विरघळवून वाहतं करणारा तो द्रावक. ‘वि’ लावल्याने अर्थ बदलत नाही, नुसतं वजन वाढतं. मी ‘द्रावक’च्या बाजूने. अडचण एवढीच की शाळेबाहेर हा शब्द फक्त ‘हृदयद्रावक’मध्ये भेटतो.

रात्रपाळी
तुम्ही विनोद केलात, पण तो खरा आहे. मी अपघात विभागात काम करते. टोल्युइन आणि क्लोरीन असलेली काही द्रावकं हृदयाच्या स्नायूला ॲड्रेनलिनसाठी, म्हणजे भीतीत किंवा धावपळीत शरीरात वाढणाऱ्या संप्रेरकासाठी, फार हळवं करून ठेवतात. असा माणूस घाबरला किंवा धावला, तर ठोक्यांची लय बिघडून जागच्या जागी कोसळू शकतो. म्हणून पाटीवर ‘मोकळ्या हवेत फिरवा’ असं चुकूनही लिहू नका. दोघेजण बखोटीला धरून येरझाऱ्या घालायला लावतात, चालला की उतरेल म्हणून. ‘मोकळ्या हवेत आणा, बसवा किंवा आडवं करा, चालू देऊ नका’ असं लिहा.

‘विषबाधा’ मला नको वाटतो. हा शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यांपुढे पोट येतं, आणि पोटापाठोपाठ उलटी. मिठाचं पाणी पाजा, घशात बोटं घाला, सगळं सुरू होतं. इथे विष बहुतेक वेळा नाकातून गेलेलं असतं, त्यात उलटीचा संबंधच नाही. आणि समजा थिनर गिळलंच असेल, तरी उलटी करवायची नाही. ते इतकं पातळ आणि सरकतं असतं की वर येताना ठसका लागून फुफ्फुसात उतरतं. पोटात असताना केलं असतं त्याहून जास्त नुकसान ते छातीत करतं.

जुना फोरमन
एकतीस वर्षं शॉपवर काढली. ‘बाधा’ कुणाच्या तोंडून ऐकली नाही. ‘थिनर चढलं’ म्हणतात. बस्स.

एकदा एक पोरगा टाकीत उतरला होता, आतून घासून पुसायला. हातात चिंध्या, शेजारी थिनरचा डबा, तोंडाला रुमाल. थोड्या वेळाने आतून गाणं ऐकू यायला लागलं. आवाज बरा होता. आम्ही वर उभे राहून हसतोय, कुणी फर्माईशी करतोय. मग शब्द लांबायला लागले, एकच ओळ तीनदा आली, आणि गाणं थांबलं. डबा कलंडल्याचा आवाज आला. माझ्या शेजारचा लगेच पाय आत टाकायला निघाला, त्याची कॉलर मी धरली. पोराच्या कमरेला दोर होता म्हणून वरून ओढता आलं. दोर नसता तर काय केलं असतं, हे मी अजून स्वतःला विचारत नाही.

रात्रपाळी
फोरमनकाका, ती कॉलर धरलीत म्हणून दुसरा वाचला. बंदिस्त जागांतल्या मृत्यूंवर नायॉश या अमेरिकी संस्थेने १९८६ साली सूचनापत्र काढलं होतं. त्यात मेलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला आत शिरलेले होते.

पण माझं भांडण ‘चढलं’ या शब्दाशी आहे. चढलेल्या माणसाला कुणी उपचार करत नाही, त्याची गंमत बघतात. खरा शब्द आपल्याकडे आहेच : भूल. ईथर १८४६ साली आणि क्लोरोफॉर्म १८४७ साली शस्त्रक्रियेत भूल द्यायला आले. यंत्राच्या सुट्या भागांवरचं ग्रीस काढायला जे ट्रायक्लोरोएथिलीन वापरतात, तेही एके काळी भूल द्यायला वापरायचे. म्हणजे टाकीतल्या त्या पोराला भूल दिली जात होती, फक्त भूलतज्ज्ञ शेजारी नव्हता. आधी बडबड आणि हसू, मग जीभ जड, मग तोल जातो, मग शुद्ध हरपते, आणि शेवटी श्वास मंदावतो. गाणं ही त्यातली पहिली पायरी.

खडूफळा
‘भूल’ फारच चपखल. भूल पडणे म्हणजे ओळखीच्या वाटेवर चकणे, हाही अर्थ त्यात आहेच. टाकीतून बाहेर यायची शिडी समोर असून दिसत नाही, तसं.

आता ‘वाफ’. वाफ म्हटलं की गरम आणि वर जाणारी, ही आपली समजूत भांड्याच्या झाकणापासूनची. द्रावक मात्र थंडच उडून जातं, आणि त्याची वाफ जड असते. टोल्युइनची हवेच्या तिप्पट. ती खाली बसते : टाकीच्या तळाशी, खड्ड्यात, नालीत. ‘बाष्प’ बरोबर आहे, पण पाटीवरचं बाष्प कुणी वाचत नाही. ‘धूर’ चूक, कारण तो दिसतो.

जुना फोरमन
आम्ही ‘वास’ म्हणायचो. ‘खाली वास साचलाय, ब्लोअर लाव.’

रात्रपाळी
साचणं ठीक, पण वास नको. नाक काही मिनिटांत सरावतं. मग ‘आता वास येत नाही’ म्हणत माणूस तिथेच बसतो. पेंट रिमूव्हरमध्ये जे मेथिलीन क्लोराइड असायचं, त्याचा तर वास जाणवेपर्यंत हवेतलं प्रमाण मर्यादेच्या बरंच वर गेलेलं असतं. ‘वाफ तळाशी साचते’ असं सरळ लिहा.

याच मेथिलीन क्लोराइडचं शरीरात कार्बन मोनॉक्साइड होतं, आणि माणूस बाहेर आल्यावरही कित्येक तास होत राहतं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर त्यात फसतो, आकडा छान दाखवतो. म्हणून आम्हाला ‘थिनर होतं’ एवढं सांगून भागत नाही, डब्यावरचं नाव लागतं. सोबत त्या रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक (एसडीएस) आणलंत तर उत्तम. त्याच्या चौथ्या भागात प्रथमोपचारच असतात.

पाटीकार
नावावरून आठवलं, मूळ मजकुरात ‘बेंझीन’ आणि ‘बेंझिन’ दोन्ही आहेत. मला वाटलं ऱ्हस्व-दीर्घाची चूक.

खडूफळा
चूक नसावी. एक बेंझीन हे ठरावीक रसायन, ज्याने रक्ताचा कर्करोग होतो. दुसरं पेट्रोलियमचं हलकं मिश्रण, डाग काढायचं. इंग्रजीत एका स्वराचा फरक, मराठीत तोही वेलांटीवर टांगलेला. पाटीवर दुसऱ्याला ‘पेट्रोलियम स्पिरिट’ म्हणा, वेलांटीवर कुणाचा जीव ठेवू नका.

पाटीकार
आणि अँटिडोटला ‘उतारा’ चालेल ना?

रात्रपाळी
शब्द सुंदर आहे, पण पाटीवर नको. लोक उतारा शोधत बसतील, आणि बहुतेक द्रावकांना तो नाहीच. हवा, ऑक्सिजन, श्वासाला आधार आणि लक्ष ठेवणं, एवढंच हातात असतं. ठळक अपवाद मिथेनॉलचा. त्याचं शरीरात फॉर्मिक आम्ल होऊन डोळे जातात. ते होऊ नये म्हणून फोमेपिझोल देतात, किंवा चक्क मोजून इथेनॉल, कारण दोघांना फोडणारं विकर (एन्झाइम) एकच. दारूवर दारूचा उतारा इथे शब्दशः खरा, पण तो रुग्णालयात, गरज पडल्यास डायलिसिससह. शॉपवर बाटली उघडायची नाही.

तुमच्या मसुद्यात ‘त्वचेद्वारे शोषण’ असंही आहे. कामगारांच्या पाटीवर ‘शोषण’ वाचून भलताच अर्थ निघेल! ‘कातडीतून आत जातं’ लिहा. भिजलेले कपडे काढा, साबण-पाण्याने धुवा. डोळ्यांत गेलं तर निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली.

पाटीकार
नवा मसुदा :
‘थिनर, डीग्रीझर, रिमूव्हर यांची वाफ तळाशी साचते. ती भूल देते. कुणी उगाच हसू-बडबडू लागला, अडखळू लागला, तर त्याला बाहेर काढा. टाकीत किंवा खड्ड्यात असेल तर आत उतरू नका, दोराने ओढा, मदत बोलवा. स्वतंत्र हवेचा पुरवठा असलेला मास्क लावल्याशिवाय कुणीही उतरायचं नाही. बाहेर आणल्यावर चालवू नका. भिजलेले कपडे काढा. शुद्धीत नसेल पण श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. श्वास थांबला तर छाती दाबायला सुरुवात करा. उलटी करवू नका. रुग्णवाहिका बोलवा, डब्यावरचं नाव सांगा.’

खडूफळा
‘विद्रावक’ गेला, बरं झालं. आणि ‘बोलवा’ दोनदा आलंय, एका जागी ‘हाक द्या’ करा.

जुना फोरमन
पाटी चांगली झाली. पण डब्यावर नाव असतं कुठे? मोठ्या पिंपातून पाण्याच्या बाटलीत ओतून घेतात आणि बाटली खिडकीत ठेवतात. तहानलेला माणूस तीच उचलतो. ती ओळ सगळ्यात वर घाला.

पाटीकार
घालतो : ‘पाण्याच्या बाटलीत थिनर भरू नका. ज्यात भराल त्यावर नाव लिहा.’