आज्जाच्या ट्रंकेतली साक्ष, लॅमिनेट करू काय?

खानापूरकर:
मंडळी एक मदत पायजे. आमचा आज्जा १९४२ ला सिंगापूर पडलं तवा जपान्यांच्या कैदेत गेला, तिथनं त्याला न्यू गिनीला नेला. घरी आल्यावर त्यावर कधी बोलला नाही, आज्जी तेवढी सांगायची की लढाईनंतर कोर्टासाठी साक्ष लिहून घेतली होती म्हणून. आता माळ्यावरची ट्रंक उघडली तर इंग्रजी टाईप केलेले चार पातळ कागद, घडीवर फाटालेत. बाबा लॅमिनेट कर म्हणालेत. करू काय? आणि तो खटला ऑनलाईन मिळंल काय?

निपाणी_तंबाखू:
लॅमिनेट अजिबात नको ओ, उष्णतेनं कागद कायमचा प्लास्टिकला चिकटतो, परत सुटत नाही. सेलोटेप पण नको. खानापूरचा पाऊस म्हणजे भिंतीला ओल, आधी ट्रंक तिथनं हलवा. कागद सपाट ठेवून फ्लॅटबेडवर ४०० डीपीआयला रंगीत स्कॅन करा, टिफ (दर्जा न घटणारी चित्रफाईल) ठेवा, पाठकोऱ्या बाजूचं पण, कधी पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं असतं. एक कॉपी घरात, एक दुसऱ्या गावात कुणाकडं तरी.

कॅम्पातला_म्हातारा:
न्यू गिनी म्हणजे बहुतेक ऑस्ट्रेलियानं जपान्यांवर चालवलेले युद्धगुन्ह्यांचे खटले बघावे लागतील, न्यू गिनीजवळच्या रबौलला बरेच झाले, तिथं हिंदी कैद्यांवरच्या अत्याचाराचे पण होते. न्यू गिनीत कैदेत राहिलेले आपले जमादार चिंत सिंग यांनी तिथं साक्ष दिलेली. फायली कॅनबेराच्या नॅशनल आर्काईव्हजकडं, ए४७१ सिरीज शोधा. ब्रिटिशांनी चालवलेल्या खटल्यांच्या फायली डब्ल्यूओ २३५ सिरीजमध्ये, लंडनच्या नॅशनल आर्काईव्हजला. सिंगापूरच्या १३१ खटल्यांची तर वेगळी वेबसाईटच आहे. नाझी पुढाऱ्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्याचं बघा, १,९४२ ग्रामोफोन तबकड्या, ७७५ तास आवाज, हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात जपून ठेवल्या म्हणून आज कुणालाबी ऐकायला मिळतंय. आपल्या जवानांच्या कागदाला तेवढं कोण विचारतंय, असो. मुद्दा असा की या फायली आरोपीच्या नावानं लावल्यात, साक्षीदाराच्या नाही. आज्जाचं नाव टाकून काय मिळणार नाही, आणि टाइपिस्टनं स्पेलिंग काय केलंय देव जाणे, कार्बन कॉपीचं तर ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं कॉम्प्युटरनं वाचणं) पण नीट होत नाही.

खानापूरकर:
आयला, म्हणूनच गेले दोन महिने आडनाव टाकून टाकून शोधालोय! तिसऱ्या कागदावर वरती एक जपानी नाव हाय, आम्ही ते छावणीच्या गावाचं नाव समजत होतो.