बोलल्याबद्दल, मोर्चाबद्दल परदेशी लोकांना अमेरिकेबाहेर काढणं बरोबर आहे का?

प्रश्न: लेक बोस्टनला एमएस करतेय. मार्च २०२५ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या तुर्की विद्यार्थिनी रुमेसा ओझटुर्कला इफ्तारला जाताना मास्कवाल्या सरकारी एजंटांनी भर रस्त्यात उचललं, कॉलेजच्या पेपरातल्या गाझावरच्या एका लेखापायी, तेव्हापासून ही फोनवर राजकारणाचं नावच काढत नाही. सरकारने असं करावं का?

उत्तर १: ताई, व्हिसा म्हणजे परवानगी, सरकार काढून घेऊ शकतंच. मारामारी केली तर पाठवा परत, पण लेखासाठी नको.

उत्तर २: दादा, कोलंबिया विद्यापीठात पॅलेस्टाइनसाठीच्या मोर्चांत पुढे असलेल्या महमूद खलीलकडे तर ग्रीन कार्ड (कायम राहायचा परवाना) होतं! गुन्हा नाही काही नाही, १०४ दिवस लुइझियानात डांबला, बाळ झालं तेव्हाही सोडलं नाही.

उत्तर ३: १९४५ मध्ये मूळचे ऑस्ट्रेलियाचे कामगार नेते हॅरी ब्रिजेसना कम्युनिस्टांशी संबंधावरून हाकलायचा हुकूम अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने रद्द केलेला. ताई, लेकीला वकिलाचा नंबर पाठ करायला सांगा.