मदत हवी आहे: चिखल-पाण्यातल्या एमटीबीसाठी (माउंटन बाइक) चेनला कोणतं ल्यूब (वंगण)?

ट्रेलवेडा

हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन), १×१२ (पुढे एक दातेरी चक्र, मागे बारा), पेडलजवळ ३२ दाती चेनरिंग, मागच्या चाकावर १० ते ५१ दाती चक्रांची कॅसेट. राइड ३ ते ४ तासांची, वाटेत दोन-तीन ओढे, बराचसा पातळ वाळूमिश्रित चिखल आणि मध्येच चिकणमातीचे पट्टे. सध्या पीटीएफईवालं (टेफ्लॉनवालं) ड्राय ल्यूब आहे. पहिला ओढा ओलांडेपर्यंत चेन गप्प असते, नंतर कुईकुई सुरू. शेवटच्या चढावर हलक्या गिअरमध्ये चेन चेनरिंगच्या तळाशी सुटतच नाही, दातांबरोबर वर ओढली जाते आणि चेनस्टेला (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची नळी) घासते. चेनची झीज मोजणाऱ्या चेकरचं ०.५ टक्क्यांचं टोक आत जातंय.

वेट ल्यूब घ्यावं की वॅक्स? वेट ल्यूबला चिखल चिकटतो असं सगळे सांगतात, मग चिखलात तेच कसं चालेल? आणि राइडच्या मध्यात परत ल्यूब लावण्यात अर्थ आहे का?

नटबोल्ट

ल्यूबचं नंतर बघू. ०.५ आत जात असेल तर १२ स्पीडची ती चेन संपली. आधी ती बदला, नाहीतर ५१ दातांची कॅसेट तिच्याबरोबर जाईल आणि ती चेनच्या कितीतरी पट महाग असते.

पण चेकरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. दोन टोकांनी रोलर (पिनांभोवती फिरणाऱ्या छोट्या नळ्या) विरुद्ध दिशांना ढकलणारे साधे चेकर रोलरची ढिलाईही झिजेत मोजतात. स्टीलची मोजपट्टी घ्या. चेन ताणात ठेवून एका पिनच्या डाव्या कडेवर शून्य धरा आणि २४ कड्या सोडून पुढच्या पिनची डावी कड बघा. नव्या चेनला ती ३०४.८ मिमीवर येते. ३०६.३ वर गेली की ०.५ टक्के झालं. चेन 'ताणली गेली' म्हणतात खरं, पण कड्यांच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्यात साधारण ०.०६ मिमी पोलाद घासून गेलेलं असतं, त्याची ही बेरीज.

पंक्चरपंत

नटबोल्ट यांनी सांध्याचा विषय काढलाच आहे तर तिथूनच सुरू करतो, कारण ल्यूबची निवड तिथेच ठरते.

आताच्या चेनमध्ये वेगळं बुश नसतं. आतल्या पट्टीच्या भोकाची कड दुमडून गळ्यासारखी केलेली असते, तिच्या आत पिन फिरते आणि बाहेरून रोलर फिरतो. झीज होते ती पिन आणि या गळ्यामध्ये. म्हणजे वंगण हवं ते आत, डोळ्याला न दिसणाऱ्या जागी. बाहेरच्या पट्ट्यांवर चमकणारं तेल वंगणाचं काहीही काम करत नाही. थोडाफार गंज अडवतं, आणि चिखल गोळा करतं.

ड्राय ल्यूबमध्ये बराचसा भाग उडून जाणारा वाहक असतो. तो गेला की मागे पातळ थर उरतो. ओढ्यात चेन बुडाली की पाणी रोलरखाली शिरतं, तो थर निघतो आणि पोलादावर पोलाद घासायला लागतं. तुमची कुईकुई ती हीच. वेट ल्यूब घट्ट असतं, त्यात चिकटपणा वाढवणारी द्रव्यं असतात, ते पाण्याने सहज निघत नाही. त्यामुळे तुमच्या वर्णनाला उत्तर वेट ल्यूबच.

चिखल चिकटतो हे खरं. तेल आणि वाळू मिळून जी काळी पेस्ट होते ती घासकामाची पेस्टच. वाळूतला क्वार्ट्झ चेनच्या पोलादाला ओरखडे काढण्याइतका कठीण असतो. पण ही पेस्ट बहुतेकदा लावणाऱ्याच्या हातून होते. बाटली चेनवर धरून पेडल गरगर फिरवायचं आणि निघायचं, असं केलं की निम्मं तेल बाहेरच राहतं.

लावायचं असं. चेन स्वच्छ आणि पूर्ण कोरडी हवी. खालच्या बाजूने मागे जाणाऱ्या चेनच्या वरच्या अंगाला, म्हणजे दात लागतात त्या अंगाला, प्रत्येक रोलरवर एक थेंब. तुमच्या चेनला ११६ च्या आसपास कड्या असतील, तेवढेच थेंब. क्विक लिंकपासून (चेन जोडायची-सोडायची खास कडी) सुरू करा म्हणजे कुठे थांबायचं ते कळतं. मग पेडल २०-३० वेळा उलटं फिरवा आणि सायकल रात्रभर तशीच ठेवा, कारण घट्ट तेलाला आत उतरायला वेळ लागतो. सकाळी कोरडं फडकं चेनभोवती मुठीत धरून पुन्हा पेडल उलटं फिरवा. फडक्याची जागा बदलत राहा. पट्टीवर बोट फिरवलं तर नुसता पुसट डाग यायला हवा. बोट ओलं झालं तर अजून पुसा. आपण आत्ताच घातलेलं तेल पुसतोय असं वाटून लोक इथे हात आखडता घेतात आणि मग 'वेट ल्यूबला चिखल चिकटतो' म्हणतात.

एक गोष्ट मातीवर अवलंबून आहे. पातळ, वाळूचा, वाहता चिखल असेल तर घट्ट ल्यूबच बरं, पाणी बराचसा चिखल धुऊन नेतं. चिकणमातीचे गोळे बसत असतील तर त्याच कंपनीचं मध्यम घट्टपणाचं मिळतं का बघा आणि बाहेरून अगदी कोरडं पुसा. लेबलवरच्या 'सिरॅमिक', 'नॅनो' वगैरे शब्दांपेक्षा हे पुसणं जास्त कामाचं.

मेणबत्ती

वॅक्सची बाजू कोणीतरी मांडायला हवी. वितळवलेल्या मेणात बुडवलेली चेन बाहेरून कोरडी असते, तिच्यावर वाळू टिकत नाही, कॅसेट काळी होत नाही. कोरड्या ट्रेलवर याला तोड नाही.

आता तुमच्या प्रश्नापुरतं प्रामाणिक उत्तर. मेण घन असतं. रोलरखालून एकदा हललं की तेलासारखं सरकत परत येत नाही. सांध्यात पाणी गेलं आणि चेन तशीच राहिली तर काही तासांत नारिंगी ठिपके दिसतात. म्हणून ओल्या राइडनंतर दर वेळी चेन काढायची, उकळत्या पाण्यात खळबळून जुनं मेण आणि माती काढायची, पूर्ण वाळवायची आणि परत बुडवायची. मेण ९० ते ९५ अंशांवर, चेन १० मिनिटं आत, मधूनमधून हलवत. भांडं कधीही थेट ज्वाळेवर नको, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. चेन गार झाल्यावर काठीसारखी ताठ होते, प्रत्येक कडी वाकवून मोकळी करावी लागते.

दोन-तीन चेन आलटून पालटून वापरायची तयारी असेल तर हे जमतं. नसेल तर पावसाळ्यापुरतं वेट ल्यूब वापरा, मी वाद घालणार नाही. बाटलीतलं ड्रिप वॅक्स हा मधला मार्ग वाटतो, पण ते पाण्यातलं मिश्रण असतं, वाळायला रात्र लागते, आणि ओल्या चेनवर ते धरतच नाही.

नटबोल्ट

यात क्विक लिंक विसरू नका. स्रॅम आणि शिमानो दोघंही १२ स्पीडची क्विक लिंक एकदाच वापरायला सांगतात. दर राइडला चेन काढायची तर दर वेळी नवी लिंक, किंवा पुन्हा वापरता येईल असं उत्पादकाने स्पष्ट लिहिलेली.

सुटी_कडी

कशाला एवढं? डब्ल्यूडी-४० मारा, पाणी निघतं, गंज थांबतो, आवाज बंद.

पंक्चरपंत

आवाज बंद होतो, अर्ध्या तासासाठी. नावातले डब्ल्यू आणि डी म्हणजेच पाणी हटवणं. त्या निळ्या-पिवळ्या डब्यातलं मूळ द्रव्य तेवढ्यासाठी चांगलं आहे. पण त्यात विद्रावक भरपूर, ते रोलरमधलं उरलंसुरलं जाड तेलही पातळ करतं. चेन धुतल्यावर पाणी काढायला वापरलंत तर चालेल, पण ते पूर्ण उडून गेल्यावर वर खरं ल्यूब हवंच.

आणि डिस्क ब्रेकच्या सायकलवर स्प्रे नकोच. मागचा रोटर (ब्रेकची चकती) कॅसेटच्या पलीकडे वीतभर अंतरावर असतो. तुषार पॅडवर बसले की ब्रेक किंचाळतो, धरत नाही, आणि पॅडमध्ये तेल मुरल्यावर ते टाकूनच द्यावे लागतात.

जॉकीव्हील

चेन वर ओढली जाण्याबद्दल कोणी बोललं नाही. याला चेन सक म्हणतात, आणि कोरडी चेन हे त्याच्या कारणांपैकी फक्त एक आहे. दातांच्या खोबणीत चिखल दबून बसला, चेन कोरडी पडली आणि वर चढाचा जोर, की तळाशी रोलर दातातून निसटत नाही. ल्यूब बदलल्यावर हे कमी व्हायला हवं.

तरीही होत राहिलं तर चेनरिंग काढून उजेडात धरा. दातांच्या कडेला बाहेर आलेली धारदार कूस लागते का बोटाने बघा, लागली तर बारीक कानशीने काढा. दात आकड्यासारखे वळले असतील तर कानस नको, रिंग बदला. जुन्या रिंगवर नवी चेन घातली की सक वाढतो, तेव्हा चेन बदलताना हे आधी तपासा. मग पेडल हळू उलटं फिरवत खालच्या जॉकी व्हीलकडे (गिअर बदलणाऱ्या मागच्या डिरेलरमधलं छोटं चाक) बघा. आखडलेली कडी तिथून जाताना डिरेलरचा पिंजरा टुणकन उडतो. ती कडी दोन्ही अंगठ्यांनी आडवी थोडी वाकवून मोकळी करा.

चढावर चेन अडकली की त्याच क्षणी पाय थांबवा आणि पेडल अर्धा फेरा मागे घ्या. जोर लावून पुढे रेटलं तर चेनस्टेला खाच पडते. कार्बनची फ्रेम असेल तर ती खाच साधी नसते.

ट्रेलवेडा

सर्वांचे आभार. पट्टीने मोजलं, ३०६.५ मिमी. चेन बदलतोय. रिंगच्या सात-आठ दातांना कूस आहे, वळलेले नाहीत. दोन शंका: नव्या चेनवर कारखान्यातलं ग्रीस असतं ते काढायचं का? आणि राइडनंतर दर वेळी डिग्रीजर लागेल का?

पंक्चरपंत

वेट ल्यूबच वापरणार असाल तर आतलं ग्रीस राहू द्या, ते चांगलं वंगण आहे. फक्त बाहेरचा चिकटपणा टर्पेंटाइनमध्ये भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसा. सायकल चेनच्या पलीकडे वाकवू नका, ओघळ रोटरकडे जातो. वॅक्स लावायचं असेल तर मात्र ग्रीसचा कणही चालत नाही, मेण धरत नाही.

डिग्रीजर दर वेळी नको. सायकलवरच डिग्रीजर ओतलं की ते रोलरखाली शिरतं, निघत नाही, आणि वरून घातलेलं नवं तेल पातळ करतं. राइड संपल्यावर चिखल ओला असतानाच साध्या नळीच्या मंद धारेने आणि ब्रशने चेन, कॅसेट, जॉकी व्हील धुवा. जोराच्या फवाऱ्याने पाणी बेअरिंगमध्ये जातं. फडक्याने पुसा, वाळू द्या, थेंब-थेंब ल्यूब, परत पुसणं. ओली चेन रात्रभर ठेवू नका.

कड्या वाकवताना आत कचकच जाणवायला लागली की मग चेन काढून धुवायची. झाकणाच्या बरणीत चेन आणि २०० मिली टर्पेंटाइन, दोन मिनिटं खळबळा, ओता, पुन्हा नवं घ्या. द्रव जवळपास स्वच्छ राहीपर्यंत हे चालू ठेवा. शेवटी १०० मिली स्पिरिटमध्ये एक हात आणि टांगून वाळवा. गढूळ टर्पेंटाइन बाटलीत उभं ठेवलं की गाळ तळाशी बसतो, वरचं निथळून पुढच्या वेळी पहिल्या हाताला वापरता येतं. पेट्रोल नको, वाफ पेट घेते. गंज काढायची आम्ल किंवा अल्कली द्रावणंही चेनला लावू नका. शिमानो आपल्या सूचनांमध्ये हे स्पष्ट बजावते, चेन तुटू शकते.

ट्रेलवेडा

आणि राइडच्या मध्यात? चेन ओलीच असणार.

जॉकीव्हील

१५ मिलीची छोटी बाटली आणि प्लॅस्टिक पिशवीत एक चिंधी ठेवा. शेवटच्या ओढ्यानंतर थांबा, आधी नाही. पाण्याच्या बाटलीने चेन आणि जॉकी व्हीलवरची माती धुवा, पेडल उलटं फिरवत पाणी झटकू द्या, चिंधीत चेन धरून १५-२० फेरे पुसा. मग थेंब. रोलरखाली थोडं पाणी राहतंच, त्यामुळे घरी बसतं तसं आत बसणार नाही, पण उरलेल्या तासाभराला पुरतं. आवाज कुईकुई असेल तरच हे करा. कचकच असेल तर ती वाळू आहे, तिच्यावर तेल घालू नका, नुसतं धुऊन पुढे निघा.