मदत हवी आहे: मॅनेजरला ओव्हरटाइम लागू होतो का?

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत एडिसनला आमचं छोटं किराणा दुकान आहे. मॅनेजरताईंना आठवड्याचा ठरलेला पगार देतो, ओव्हरटाइम नाही. १ जुलै २०२४ ला ओव्हरटाइममधून सूट मिळण्याची पगारमर्यादा आठवड्याला ६८४ डॉलरवरून ८४४ झाली, तेव्हा आम्ही त्यांचा पगार ८५० केला. जानेवारीत ती ११२८ होणार होती, पण १५ नोव्हेंबरला टेक्सासच्या फेडरल कोर्टाने अख्खा नियमच रद्द केला. मर्यादा पुन्हा ६८४.

वाढवलेला पगार कमी करायचा नाही, हे पक्कं आहे. काळजी वेगळीच आहे. नुसता पगार मर्यादेत बसून भागत नाही, काम मुख्यतः व्यवस्थापनाचं लागतं. ताई तर सकाळी कोथिंबिरीच्या जुड्या लावतात आणि दुपारभर गल्ल्यावर असतात. हाताखाली दोघं आहेत, पण कोणाला कामावर घ्यायचं ते मीच ठरवतो. आठवड्याला ४८ तास सहज भरतात. मग ४० च्या वरच्या तासांचे दीडपट पैसे त्यांच्या हक्काचेच ना?

कोणी पगारी मॅनेजरला तासांवर आणलंय का? मागची थकबाकी कशी काढलीत? इथला कामगार कायद्याचा चांगला वकील माहीत असेल तर कृपया कळवा.