लहान कॉलेजातून फिजिक्समध्ये बीएस्सी केल्यास पुढची वाट अडते का?

प्रश्न:
मी मुंबईच्या उपनगरातील एका लहान महाविद्यालयात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फिजिक्स घेतलेले आम्ही नऊ जण आणि शिकवायला दोनच प्राध्यापक आहेत. पुढे आयआयटीतून एमएस्सी करण्याची माझी फार इच्छा आहे, परंतु इथला पाया कच्चा राहील अशी भीती वाटते. गेल्या आठवड्यात बार पेंडुलमच्या (झुलत्या धातूपट्टीच्या) प्रयोगात 'जी'ची, म्हणजे गुरुत्व त्वरणाची, किंमत ९६९ सेंटीमीटर प्रति सेकंद वर्ग आली, तेव्हा वरच्या वर्गातील मुलांनी ९८० येईल अशी रीडिंग जुळवून जर्नल सही करून घ्यायला सांगितले. सगळीकडे असेच चालते का?

उत्तर १:
मीही अशाच कॉलेजात शिकलो. आयआयटीच्या एमएस्सीचा प्रवेश जॅम या सामायिक प्रवेश परीक्षेतल्या गुणांवर होतो, कॉलेजच्या नावावर नाही. लहान कॉलेजात खरी उणीव भासते ती बरोबरीने गणिते सोडवणाऱ्यांची. ती भरून काढण्यासाठी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या एनआययूएस उपक्रमाची माहिती काढा. तो पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच आहे, आणि तिथे देशभरातील मुले भेटतात.

उत्तर २:
मी अनेक वर्षे पदवीच्या प्रयोगशाळेत शिकवले आहे, म्हणून तुमच्या ९६९ विषयीच लिहिते. पहिली गोष्ट म्हणजे ९८० ही सोयीसाठी धरलेली पूर्ण संख्या आहे. मुंबईच्या अक्षांशावर ही किंमत सुमारे ९७८.६ सेंटीमीटर प्रति सेकंद वर्ग एवढी भरते. आता तुमचा दोलनकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याचा वेळ, १.६ सेकंद होता असे धरू. वीस दोलनांना ३२ सेकंद लागतात आणि स्टॉपवॉच दाबताना हाताकडून ०.२ सेकंदाची चूक सहज होते. सूत्रात दोलनकालाचा वर्ग येत असल्यामुळे ती चूक उत्तरात दुप्पट होऊन उतरते, म्हणजे साधारण १२ एककांची. तुमचे ९६९ त्या मर्यादेत बसते, तेव्हा ते खोडू नका. त्याच्यापुढे त्रुटी लिहा. एवढ्या साधनांवर वर्गातल्या सगळ्यांचे उत्तर नेमके ९८० आले असते, तर मी ती जर्नले परत केली असती. शंभर दोलने मोजलीत तर हीच त्रुटी अडीच एककांच्या आत येईल. मोठ्या कॉलेजात वीस जण एका टेबलाभोवती उभे असतात, तिथे शंभर दोलने मोजायला सवड मिळत नाही. तुम्ही नऊच जण आहात, तर प्राध्यापकांना विचारून दुपारी लॅब उघडून घ्या.

प्रश्नकर्ती:
आपले मनःपूर्वक आभार. सरांनी शनिवारी दुपारी लॅब उघडून दिली. आयाम (झोक्याचा विस्तार) लहान ठेवून शंभर दोलने तीन वेळा मोजली आणि किंमत ९७७ आली. जुने ९६९ चे पान जर्नलमध्ये तसेच ठेवले असून त्याखाली त्रुटीचे गणित लिहिले आहे. मानखुर्दच्या उपक्रमाचा अर्ज कधी भरायचा असतो, तेवढे कळवाल का?